प्रकल्प नोंदी: पाडलेल्या इमारतीच्या काँक्रीटपासून नवी खडी

काम: तळमजला अधिक एक मजल्याची जुनी आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटची) इमारत पाडून तिच्या काँक्रीटची खडी करायची आणि त्याच जागेवरच्या नव्या बांधकामात ती वापरायची. काँक्रीट अंदाजे २६० घनमीटर. सळईसकट घनमीटरला अडीच टन धरले तर ६५० टन. या खडीला नोंदींमध्ये पुढे आरसीए (रिसायकल्ड काँक्रीट अ‍ॅग्रीगेट) म्हटलं आहे.

१२ नोव्हेंबर

पाडकामाआधी सहा कोअर (काँक्रीट कापून काढलेले दंडगोल नमुने) काढले, १०० मिमी व्यासाचे. चार स्लॅब-बीममधून, एक कॉलममधून आणि एक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या तळातून. क्यूबच्या (चाचणीसाठी ओततात त्या काँक्रीटच्या घनाच्या) हिशेबात ताकद १७ ते २३ मेगापास्कल भरली. जुनं काँक्रीट कमजोर असलं म्हणून त्याची खडी बाद होत नाही, कारण आतला दगड तसाच मजबूत असतो. पण दगडाला चिकटलेला सिमेंट-वाळूचा मसाला सच्छिद्र असणार आणि पाणी जास्त पिणार, हे इथेच कळलं.

कोअरच्या ताज्या तोंडावर १ टक्का फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. बाहेरचा १८ ते २६ मिमी भाग रंगला नाही, आतला गुलाबी झाला. म्हणजे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म जाणं) सळईपर्यंत पोचलं होतं. सळईसाठी ते वाईट, खडीसाठी नाही. उलट कार्बोनेट झालेला मसाला थोडा घट्ट होतो आणि पाणी कमी शोषतो.

क्लोराइड पाच कोअरमध्ये घनमीटरला ०.३ किलोच्या आसपास आलं, टाकीच्या तळात मात्र १.१. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकानुसार सळई असलेल्या नव्या काँक्रीटमध्ये एकूण आम्लविद्राव्य क्लोराइड ०.६ किलोच्या वर जाता कामा नये. टाकी आणि तिच्या खालचा स्लॅब वेगळा पाडायचा, त्याचा माल फक्त भरावाला. स्प्रे रंगाने सीमारेषा आखल्या.

कोअरच्या कापलेल्या तोंडावर दगडाभोवती पांढरी जेलसारखी कड किंवा स्लॅबवर जाळीदार तडे, म्हणजे अल्कली-सिलिका अभिक्रियेच्या खुणा, कुठे आहेत का हे भिंगाने पाहिलं. नाहीत. असत्या तर हा प्रकल्प इथेच थांबवून सगळा माल भरावाला गेला असता.

१८ नोव्हेंबर

इमारत 'नागडी' करण्याचं काम सुरू. दारं-खिडक्या, वायरिंग, पाइप, फरशा, गच्चीवरचा डांबरी थर आणि पीओपीचं सिलिंग, सगळं ब्रेकर लागण्याआधी निघालं पाहिजे. यात सर्वांत महत्त्वाचं पीओपी. ते म्हणजे जिप्सम, म्हणजे सल्फेट. नव्या सिमेंटमध्ये ते मिसळलं तर सेटिंग बिघडतं, आणि पुढे काँक्रीट फुगून तडे जाऊ शकतात. एकदा का पीओपीचा चुरा राडारोड्यात मिसळला की तो कुठल्याही चाळणीने पुरता निघत नाही, म्हणून छतावरून खरवडून पोत्यांत भरून बाहेर.

मागच्या शेडवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते. ते प्रशिक्षित टोळीकडून: पाणी मारून ओले केले, बोल्ट कापून अखंड उतरवले, दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळ्या गाडीने पाठवले. एकही पत्रा फोडायचा नाही, एकही तुकडा क्रशरच्या आवारात येता कामा नये.

२७ नोव्हेंबर

पाडकाम संपत आलं. पोकलेनला आधी ब्रेकर, नंतर पल्व्हरायझर जबडा लावला. स्लॅब नुसत्या ब्रेकरने फोडला तर सळईच्या जाळीला लटकलेले ढेकूळच हाती येतात. पल्व्हरायझर काँक्रीट चिरडून सळई मोकळी करतो. या टप्प्यावर साधारण १५ टन सळई निघाली.

जॉ क्रशरचं (दोन जबड्यांत दाबून फोडणाऱ्या यंत्राचं) तोंड ९०० × ६०० मिमी. तुकडा तोंडाच्या लहान मापाच्या ८० टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे ४८०. आम्ही ४५० ची मर्यादा घातली. तुकड्यातून बाहेर डोकावणारी सळई ३०० मिमीच्या वर असेल तर गॅस कटरने कापायची.

तीन ढीग केले. 'क' म्हणजे स्लॅब, बीम, कॉलमचं स्वच्छ काँक्रीट, हेच क्रशरला. 'ख' म्हणजे पायाचं माती लागलेलं काँक्रीट आणि टाकीचा माल. 'ग' म्हणजे विटा, प्लास्टर, फरशी. ढिगांमध्ये आठ मीटर अंतर आणि 'क' खाली ५० मिमी जुन्या खडीचा थर, नाहीतर लोडरचं बकेट दर फेरीला खालची माती उचलतं.

४ डिसेंबर

क्रशर उभा राहिला. क्रम असा: हॉपर (माल ओतायचं तोंड), ५० मिमी फटीची ग्रिझली (जाड पट्ट्यांची चाळण), जॉ (बंद बाजूची फट ४० मिमी), बेल्टवर आडवा मॅग्नेट, इम्पॅक्टर (माल आपटून फोडणारं यंत्र), दुसरा मॅग्नेट, हाताने वेचण्याचा बेल्ट, २०, १० आणि ४.७५ मिमीच्या चाळण्या. २० वर राहिलेला माल परत इम्पॅक्टरला.

ग्रिझली काढून टाकू नये. हॉपरमध्ये येणारं बारीक म्हणजे बहुतेक माती, प्लास्टर आणि गिलाव्याचा चुरा. ते जॉच्या आधीच बाजूला पडलं तर पुढचा सगळा माल स्वच्छ राहतो. त्याबरोबर थोडं चांगलं काँक्रीटही जातं, जाऊ द्यावं.

हॉपर, जॉचं तोंड आणि प्रत्येक बेल्टच्या टोकाला पाण्याच्या बारीक तुषारांचे नोझल. काँक्रीटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते आणि तिने फुप्फुसं कायमची निकामी होतात. तोंडाला रुमाल पुरत नाही, रेस्पिरेटरच हवा. पण पाणीही बेतानं. जास्त मारलं की १० मिमीची चाळणी चिखलाने बुजते.

६ डिसेंबर

पहिल्याच पूर्ण दिवशी बेल्ट फाटला, सव्वा मीटर उभा चीर. साधारण ७०० मिमीची १६ मिमी सळई जॉमधून उभी सरकली, खाली बेल्टमध्ये भाल्यासारखी रुतली आणि वरचं टोक चुटच्या कडेला अडकलं. बेल्ट चालूच राहिला.

दुरुस्ती तीन ठिकाणी. जॉखाली तिरकी डिफ्लेक्टर प्लेट, म्हणजे माल सरळ न पडता घसरत येतो. बेल्टच्या पडत्या जागी रोलरऐवजी रबरी इम्पॅक्ट बार. आणि मॅग्नेट बेल्टच्या मध्यातून काढून टोकाच्या पुलीवर, मालाच्या दिशेत लावला. बेल्टवर माल दाबून बसलेला असतो, खालच्या थरातली सळई वरच्या दगडांखाली अडकते. टोकावरून माल हवेत सुटतो तेव्हा तो मोकळा होतो आणि मॅग्नेटला ओढायला सोपा जातो. उंची ३५० वरून २५० मिमीवर आणली. बाइंडिंग वायरचे बोटभर तुकडे तरीही सुटत होते. शेवटच्या बेल्टची पुलीच चुंबकीय केल्यावर ते बहुतेक आले.

९ डिसेंबर

इम्पॅक्टर लागतोच का, हा प्रश्न निघाला, कारण ब्लो बार (रोटरवरच्या आपटणाऱ्या पट्ट्या) झिजतात आणि चुरा वाढतो. म्हणून अर्धा दिवस नुसत्या जॉवर, अर्धा दिवस दोन्हींवर चालवून तुलना केली. नुसत्या जॉवर ४.७५ खालचा चुरा २६ टक्के, चपट्या आणि लांबट दाण्यांचा एकत्रित निर्देशांक ३८, २० मिमी खडीचं पाणीशोषण ५.७ टक्के. दोन्हींवर चुरा ३५ टक्के, निर्देशांक २४, शोषण ४.६.

फरकाचं कारण खडी हातात घेतल्यावर दिसतं. जॉ दाबून फोडतो, चीर दगड-मसाला न बघता आरपार जाते, आणि दाण्याच्या एका बाजूला मसाल्याचा करडा गोळा तसाच राहतो. इम्पॅक्टरमध्ये दाणा आपटतो. चीर दगड आणि मसाला यांच्या कमजोर सांध्यातून धावते आणि मसाला सोलून निघतो. तो सोललेला मसालाच चुऱ्यात जातो. म्हणजे चुरा वाढला हे नुकसान नाही, तो खडीवरून उतरलेला भार आहे. आयएस ३८३ मध्ये चपट-लांबट निर्देशांकाची मर्यादा ४० आहे, ३८ त्यात बसतोही. पण पाणीशोषणातला एक टक्क्याहून जास्त फरक सोडण्यासारखा नाही. इम्पॅक्टर ठेवला, फक्त रोटरचा वेग कमी केला.

१३ डिसेंबर

ढीग 'क' संपला. ताळेबंद, टनांत: हॉपरमध्ये ६००. त्यातून २०–१० मिमी २२८, १०–४.७५ मिमी १२६, ४.७५ खालचं २१०, लोखंड ११, ग्रिझलीखालचं आणि हाताने वेचलेलं २५. क्रशर चालू असताना ताशी ३५ टन, पण निम्मा वेळ अडकलेले तुकडे काढण्यात आणि चाळण्या झटकण्यात गेला.

१५ डिसेंबर

२० मिमी गटाचा नमुना हाताने वेचून वजन केलं, युरोपीय ईएन ९३३-११ च्या पद्धतीने. काँक्रीट आणि मसाल्याचे दाणे ९३.८ टक्के, मोकळा दगड ३.६, वीट-कौल-फरशी २.१, डांबर ०.२, काच-लाकूड-प्लास्टिक वगैरे ०.३. पाण्यावर तरंगणारं किलोला ०.९ घनसेंमी. त्याच घराण्यातल्या ईएन २०६ मध्ये सर्वांत वरच्या 'ए' प्रकाराला काँक्रीट किमान ९०, वीट जास्तीत जास्त १०, डांबर १ टक्का आणि तरंगणारं २ घनसेंमी लागतं. त्यात माल आरामात बसतो. वेचणारी माणसं सकाळी लाकूड नीट पकडतात, दुपारनंतर निसटतं. वेचण्याची पाळी दीड तासाची केली.

२० डिसेंबर

प्रयोगशाळेचे आकडे (आयएस २३८६ च्या पद्धती). कंसात साइटवरची नैसर्गिक खडी.

२० मिमी आरसीए: विशिष्ट गुरुत्व २.४४ (२.८०), पाणीशोषण ४.६ टक्के (१.१), इम्पॅक्ट व्हॅल्यू, म्हणजे ठोकल्यावर होणारा चुरा, २७ टक्के (१४), लॉस एंजेलिस चाचणीतली झीज ३६ टक्के (१८). १० मिमी आरसीए: गुरुत्व २.३६, शोषण ६.२.

झीज ३० च्या वर, म्हणजे रस्त्याच्या किंवा घासल्या जाणाऱ्या फरशीच्या पृष्ठभागाला नाही. इतर काँक्रीटला मर्यादा ५०. शोषणाची मर्यादा ५ टक्के, आरसीएला वापरण्याआधी भिजवून घेण्याच्या अटीवर १० पर्यंत सवलत.

१० मिमी जास्त पाणी का पिते, तेही पाहिलं. नमुना भिजवला, ५०० अंश सेल्सिअसला दोन तास तापवला, थंड पाण्यात टाकला आणि सुटलेला मसाला हातोडीने झटकला. २० मिमीत मसाला वजनाने ३१ टक्के, १० मिमीत ४४. दाणा जितका लहान, तितका मसाल्याचा वाटा मोठा. ठरलं: आरसीसीमध्ये फक्त २० मिमी गटातला माल. १० मिमीचा सगळा पीसीसीला, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला.

९ जानेवारी

ट्रायल मिक्स. आयएस ३८३:२०१६ नुसार आरसीए साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आरसीसीमध्ये २० टक्के आणि तेही एम२५ (२८ दिवसांत २५ मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीट) पर्यंतच, एम१५ खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. आपलं काम एम२५ चं, म्हणून २० टक्के.

बदली आकारमानाने केली, वजनाने नाही. आरसीए हलकी आहे, वजनाला वजन बदललं तर ती जास्त जागा व्यापते आणि घनमीटरचा हिशेब फुगतो. एका घनमीटरला, खडी आणि वाळू भिजून पृष्ठभाग कोरडा असलेल्या स्थितीत:

सिमेंट ३४० किलो, मोकळं पाणी १६५ लिटर, वाळू ७२० किलो, नैसर्गिक २० मिमी ५९५ किलो, नैसर्गिक १० मिमी ३९७ किलो, आरसीए २० मिमी २१६ किलो, पीसीई अ‍ॅडमिक्श्चर (पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) २.७ किलो. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४८५. आरसीएचा वाटा वजनाने धरला तर १७.९ टक्के, म्हणजे मर्यादा कशीही मोजली तरी आत.

मिक्सिंग दोन टप्प्यांत: वाळू-खडी एक मिनिट, निम्मं पाणी टाकून आणखी एक मिनिट, सिमेंट टाकून अर्धा मिनिट, मग उरलेलं पाणी आणि अ‍ॅडमिक्श्चर टाकून दोन मिनिटं. पहिल्या पाण्याने ओल्या झालेल्या दाण्यांवर सिमेंटचा दाट लेप बसतो आणि जुन्या मसाल्याच्या चिरांत शिरतो. अ‍ॅडमिक्श्चर पहिल्या पाण्यात टाकू नये, जुना मसाला ते पाण्याबरोबर शोषून घेतो.

तुलनेला शून्य टक्क्याचा आणि ५० टक्क्यांचा मिक्सही केला. दुसरा फक्त माहितीसाठी.

१६ जानेवारी

सात दिवसांचे क्यूब: शून्य टक्के २४.८, २० टक्के २४.१, ५० टक्के २१.९ मेगापास्कल.

६ फेब्रुवारी

अठ्ठावीस दिवस: ३५.१, ३४.२, ३१.०. लक्ष्य सरासरी ३१.६ (२५ अधिक १.६५ गुणिले ४, यात ४ म्हणजे धरलेलं प्रमाण विचलन). २० टक्के पास, ५० टक्के थोडक्यात नापास. ५० टक्क्यांच्या फुटलेल्या क्यूबमध्ये चीर जुन्या मसाल्यातून गेलेली उघड दिसते: करडा नवा मसाला, त्यात फिकट जुना, आणि दोन्ही एकाच रेषेत तुटलेले.

१२ फेब्रुवारी

पायाखालचं पीसीसी, एम१०, मोठी खडी पूर्ण आरसीए (२० आणि १० मिमी मिळून). अडचण नाही. एवढंच, की फिनिश करताना थापी लवकर ओढली जाते, पृष्ठभाग पटकन सुकतो. ओलं बारदान नेहमीपेक्षा दोन तास आधी टाकावं लागलं.

१९ फेब्रुवारी

प्लिंथ बीम, एम२५. तिसऱ्या गाडीत घोळ. प्लांटवर स्लम्प (ओलं काँक्रीट किती खाली बसतं, म्हणजे किती प्रवाही आहे, त्याचं माप) १२० मिमी, चाळीस मिनिटांनी साइटवर ५५. आधीच्या दोन गाड्यांत त्याच वेळात ९५. गाडीत पाणी टाकायची मागणी झाली, टाकलं नाही. प्रयोगशाळेने ठरवून दिलेल्या मात्रेत अ‍ॅडमिक्श्चर वाढवून स्लम्प ९० वर आणला आणि ओतलं. त्या गाडीचे सहा क्यूब जास्तीचे घेतले.

२० फेब्रुवारी

कारण सापडलं. आरसीएच्या ढिगावर रात्रभर स्प्रिंकलर होता. सकाळी ओलाव्याचा नमुना घेतला तो ढिगाच्या पायथ्याशी, बाहेरून. तिथे ४.९ टक्के, म्हणजे भरपूर भिजलेला. पहिल्या दोन गाड्यांचा मालही बाहेरचाच. तिसऱ्या गाडीला लोडर ढिगाच्या पोटात शिरला. तिथे ओलावा १.१ टक्का.

हिशेब: २१६ किलो भिजलेली आरसीए म्हणजे पूर्ण सुकी २०६.५ किलो. शोषण ४.६, ओलावा १.१, तूट ३.५ टक्के. म्हणजे घनमीटरला ७.२ लिटर पाणी खडीने मिक्समधून ओढून घेतलं, आणि ते हळूहळू, वाटेवर. म्हणून प्लांटवर स्लम्प ठीक दिसला.

उलट चूकही तितकीच वाईट. निथळणारी खडी, समजा ७.२ टक्के ओलाव्याची, सरळ बॅचिंगला (मिक्ससाठी माल मोजून घ्यायला) घेतली तर २.६ टक्के म्हणजे ५.४ लिटर मोकळं पाणी वाढतं. गुणोत्तर ०.४८५ वरून ०.५०१. मध्यम परिस्थितीसाठी आयएस ४५६ ची मर्यादा ०.५० आहे. स्लम्प छान दिसेल, ताकद जाईल.

आजपासून पद्धत अशी. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको. आदल्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी लोडरने उलथापालथ करून पाणी, रात्री निथळू द्यायचं, पहाटे पुन्हा एकदा उलथापालथ. नमुना पाच जागांवरून, त्यातले दोन ढिगाच्या आतून, एकत्र करून. ओलावा पाणीशोषणाच्या अर्धा टक्का इकडेतिकडे असेल तरच माल बॅचिंगला, आणि फरकाचं पाणी दर बॅचला जुळवायचं.

ओलावा मोजताना एक खाचखळगा: शेगडीवर तव्यात खडी सुकवण्याची घाई भोवते. जुन्या मसाल्यात रासायनिक बांधलेलं पाणी असतं, आच मोठी झाली की तेही उडतं आणि ओलावा खोटा जास्त दिसतो. नैसर्गिक खडीला हे होत नाही, म्हणून सवयीने हात जातो. मंद आच, सतत हलवणं, आणि आठवड्यातून एकदा १०५ अंशांच्या ओव्हनशी पडताळा.

३ मार्च

४.७५ खालच्या २१० टनांचा निकाल. नियमानुसार बारीक आरसीएलाही मर्यादित परवानगी आहे, पण आरसीसीत घेतली नाही. बारीक दाण्याचं पाणीशोषण नीट मोजताच येत नाही: शंकूच्या चाचणीत टोकेरी आणि चिकट दाणे कोरडे झाले तरी उभेच राहतात, 'पृष्ठभाग कोरडा' नेमका कधी ते कळत नाही. ज्याचं पाणी मोजता येत नाही त्याचं मिक्स बांधता येत नाही.

ग्राउंड स्लॅबखाली भरावाला वापरली. १५० मिमीचे थर, प्रॉक्टर चाचणीने (माती सर्वांत घट्ट कधी बसते ते पाहणाऱ्या) ठरवलेल्या ओलाव्यावर, आठ टनी रोलर. दाबून बसते आणि काही दिवसांत कडक होते, कारण न भिजलेलं जुनं सिमेंट नव्या तोंडांवर उघडं पडलेलं असतं. याचीच दुसरी बाजू: गेल्या आठवड्याच्या अवकाळी पावसानंतर झाकण नसलेल्या ढिगावर चार बोटं जाड पापुद्रा धरला, लोडरने फोडावा लागला.

ढिगातून निथळणाऱ्या पाण्याचा पीएच पट्टीवर ११ ते १२. ते नाल्यात जाऊ देऊ नये. भोवती चर खणून खड्ड्यात घेतलं आणि तेच पुन्हा धुळीवर मारायला वापरलं. रिटेनिंग वॉलमागच्या निचऱ्याच्या थरात आरसीए घालायची सूचना होती, ती नाकारली. त्या पाण्यातला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने गोठतो आणि जिओटेक्स्टाइलवर (पाणी गाळणाऱ्या कापडावर) व पाइपच्या भोकांत पांढरं कवच धरतो. तिथे नैसर्गिक खडीच.

१९ मार्च

प्लिंथ बीमचे २८ दिवसांचे क्यूब: पहिल्या दोन गाड्या ३३.८ आणि ३४.४, तिसरी ३५.६. तिसरी जास्त आली यात नवल नाही. खडीने ओढलेल्या पाण्यामुळे गुणोत्तर खाली गेलं होतं. गाडीत पाणी टाकलं असतं तर किती टाकलं याचा हिशेब कुणाकडेच राहिला नसता.

तिसऱ्या गाडीच्या बीमचं शटरिंग काढल्यावर खालच्या कडेला, दाट सळईच्या जागी, दोन ठिकाणी हनीकोंब (मसाला न पोचल्याने राहिलेल्या पोकळ्या). खोली २० मिमीपर्यंत. सुटं काढून, ओलं करून, न आकसणाऱ्या ग्राउटने भरलं.

२४ मार्च

शिल्लक: २० मिमी आरसीए ८४ टन, ताडपत्रीखाली, दीड मीटर उंचीत. ढिगावर पाटी: पाणीशोषण ४.६, फक्त एम२५ पर्यंत, २० टक्के, पृष्ठभागाच्या काँक्रीटला नाही. ढीग 'ख' अजून फोडलेला नाही. टाकीचा माल त्यातून वेगळा काढून मगच उरलेला क्रशरला द्यायचा.